काचेला चिकटलेला फोटो

कार्डिफ, १२ मार्च २००५

प्रिय कस्तुरी,

तुझा ईमेल मिळाला. उत्तर हातानं आणि मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत मी लगेच भांडतो, असं तूच म्हणायचीस. शिवाय ही अक्षरं रविवारच्या वर्गात तुझ्या आईनंच, शैलामावशींनी, माझ्याकडून गिरवून घेतली होती.

तू लिहितेस, तुझ्या आणि मिलिंदच्या लग्नात मांडवाजवळ मावशींचा फोटो ठेवायचाय. मूळ फोटो काचेला चिकटलाय आणि प्रत काढताना काचेत खिडकी दिसते. तर सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे काचेवरची चमक घालवणारा फिल्टर लागेल, तुझ्या लेन्सला ५२ मिलिमीटरचा बसतो. यूव्ही फिल्टर घेऊ नकोस. तो आम्ही इथं कॅमेऱ्याच्या दुकानात सगळ्यांच्याच गळ्यात मारतो. फ्रेमच्या समोर नाही, जरा बाजूला उभी राहा आणि रिंग सावकाश फिरव. एका जागी काच नाहीशीच होते. ट्रायपॉड वापर, हा फिल्टर उजेड खातो. आणि लग्नासाठी एक जीबीचं एकच मेमरी कार्ड नको, पाचशे बारा एमबीची दोन ठेव. एक बिघडलं तरी निम्मं लग्न हातात राहतं.

दोन वर्षांपूर्वी मला यातलं काही कळत नव्हतं. तुझे बाबा, म्हणजे काका, “राहू दे रे” म्हणत असताना मी हट्टानं फ्रेम उघडली, फोटो काचेपासून सोडवायला सुरी घातली आणि मावशींच्या खांद्याजवळचा कागद सोलून निघाला. काका एवढंच म्हणाले, “कॉलेजसुद्धा असंच अर्ध्यात टाकलंस ना?” माफी मागायची सोडून मी त्यांनाच वाट्टेल ते बोललो आणि दार आपटून निघालो. तू थांबवायला आली नाहीस. बरोबर केलंस. काकांना सांग, या दुकानात मी दोन वर्षं टिकलोय.

पाकिटात फिल्टर आहे आणि एक कार्ड. कार्ड रिकामं नाही. सुरी घालण्याआधी मी एक फोटो काढला होता, सरळ समोरून. तू शेजारी उभी होतीस, म्हणून काचेत मावशींच्या बाजूला तुझा चेहरा उमटला. वाया गेला, डिलीट केला, असं तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. तुझा तेवढाच फोटो माझ्याकडे होता. पण त्यात मावशींचा खांदा शाबूत आहे, हेही मला रोज दिसत होतं, तरी दोन वर्षं मी तो दडवून ठेवला. कॉम्प्युटरवर तो खांदा नव्या प्रतीला जोडता येईल. मी माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. आधी तो फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घे, एकदा नीट बघ, मगच कार्ड फॉरमॅट कर.

अजून तरी तुझाच,
सुश्रुत