सम माझे, विषम त्याचे

३ मार्च
धाकटा अजून अर्ध्यावरच! विचारलं तर म्हणे, सावकाश होऊ दे, ताई. सावकाश? महिनाअखेरीला बाबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी आहे — त्यांच्या संख्येचा एक अवयव, तिला पूर्ण भाग जाईल असा. एकच!

दोनचा प्रचंड मोठा घात, वजा एक. लिहून काढायची म्हटलं तर घरातल्या भिंती पुरणार नाहीत. शाळेतली नोकरी सांभाळून बाबांनी सिद्ध केलं की ही मूळ संख्या नाही, फुटते. कुठे फुटते ते मात्र आजवर कुणाला कळलेलं नाही. चोरी झाल्याची खात्री, चोराचा पत्ता नाही.

बरं, अवयव वाटेल तसा नसतो. घातांकाची दुप्पट करायची, तिला कुठल्या तरी गुणकानं गुणायचं, एक मिळवायचा — त्याच साच्यातला असणार. गुणकांची वाटणी बाबांनीच केली. सम माझे, विषम त्याचे. लहानपणी गाडीतली खिडकी वाटून द्यायचे तशी.

६ मार्च
ठरलेल्या मर्यादेपर्यंत माझे सगळे गुणक संपले. काही निघालं नाही. पण संपले तरी! गुणकांपासून बनणाऱ्या संख्यांतले फुकटचे उमेदवार आधीच गाळणारी चाळणी मी स्वतः संगणकावर लिहिली आहे, म्हणून.

धाकटा रोज सकाळी यंत्राला आधी एक जुनी संख्या देतो, जिचा अवयव माहीत आहे अशी. ते बरोबर सांगतं का बघतो. मग चहा. मग काम. बाबांची शिकवण म्हणे! मी काय अजून मुळाक्षरं गिरवत बसू?

११ मार्च
फोन उचलत नाही. उचलला तर "चालू आहे". डोकं फिरलं.

१७ मार्च
विषमांतही काही नाही म्हणतो. कालपर्यंत रखडलेला, आज एकदम संपलं? नक्की मधले सोडून दिले. शाळेतही असंच, गृहपाठाची मधली पानं कोरी! तोंडावर म्हटलं तसं. मग म्हणाला, "ताई, तू माझे तपास. मी तुझे तपासतो."

माझे! चोराच्या उलट्या बोंबा.

१८ मार्च
राहवलं नाही. हॉस्पिटलात जाऊन बाबांना सांगितलं, धाकट्यानं कामचुकारपणा केला. ते पाणी प्यायले. म्हणाले, त्याला ओरडू नकोस. नेहमी त्याचीच बाजू! येताना दार जरा जोरातच लावलं.

२४ मार्च
त्याचे विषम त्याच्याच पद्धतीनं तपासते आहे, चाळणी न लावता. उगाच नंतर म्हणायला जागा नको. गोगलगाय बरी! आणि चूक एकही नाही. कुठेतरी असणारच. नसली तर मला वेड लागेल.

२८ मार्च
धाकट्याचा फोन. सापडला.

गुणक सम आहे. माझा.

त्या गुणकाला तीननं भाग जातो. चाळणीत तीननं भाग जाणारे उमेदवार गाळायचे होते. मी गाळले तीननं भाग जाणारे गुणक. माझ्या वाट्यातले इतके सगळे, न बघता! धाकट्याची ती जुनी संख्या घालून पाहिली असती तर पहिल्याच सकाळी कळलं असतं; तिच्या अवयवाचा गुणकही तीनच्या पटीतलाच. धाकट्यानं एका शब्दानं टोमणा मारला नाही. मारायला हवा होता. बाबांना आता काय तोंड दाखवू?

२९ मार्च
तो माझ्या आधी पोचला होता. मला बघताच बाबांनी हात पुढे केला. "पोरी, तुझ्याच वाट्यात निघाला! आत्ताच म्हणाला हा, ताईला सापडला."

खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांना आत नेलं. बाहेर बाकावर धाकट्याशेजारी बसले आहे. इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता.