सहाव्या सिलिंडरचं पाणी

सोमवार, ९ जून

आज त्याच्या खुर्चीचं तोंड फिरवलं! इतके दिवस रस्त्याकडे बसायचा, आता माझ्या कामाच्या टेबलाकडे बसेल. बघ म्हणावं. तीस वर्षं या गॅरेजात मी तुझे पाने पुसले, इंजिनांची हेडं घासली, डबे आणले — आणि ड्रिलला हात लावला की खेकसायचास, "ठेव ते! चुलीपाशी जा!" आता बस बघत.

फेब्रुवारीत झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सातुर्निनो मिस्त्री — ज्याच्या शिव्या अर्ध्या एल आल्तो शहराला पाठ आहेत — नुसतं "अं" करतो. इस्पितळाने आठवड्याभरात घरी पाठवला. खाट दुसऱ्याला हवी होती.

मी एक ठरवून टाकलंय. याच्याशी बोलायचं नाही. लग्न झाल्यापासून मी काही विचारलं की हा मान फिरवायचा, जसं काही भिंतीतून आवाज आला. आता माझी पाळी. भरवीन, पुसेन, कपडे बदलेन. पण शब्द म्हणून मिळणार नाही.

बुधवार, ११ जून

ट्रकवाला गुमेर्सिंदो आला, त्याचा तो खटारा घेऊन. खालच्या युंगास खोऱ्यातून संत्री भरून घाट चढतो, आणि खिंडीच्या अलीकडे इंजिन तापून गाडी पाणी फेकते. या उंचीवर पाणी तसंही लवकर उकळतं. दोन हेडं तडकली आतापर्यंत, दोन्ही सहाव्या सिलिंडरपाशी. "तिसरं गेलं ना, तर ट्रक भंगारात आणि मी सासऱ्याचे लामा वळायला!"

मग खुर्चीकडे बघून हळूच, "मिस्त्री कधी बरे होतील, मावशी?"

"होत नाही तो आता. मी करते."

हसला. मी हसत नाहीये म्हटल्यावर किल्ली काढून दिली.

शुक्रवार, १३ जून

हेड उतरवलं. मला वाटलं होतं तेच! पाण्याचा पंप पुढे. पुढची सिलिंडरं पोटभर पाणी पितात, मागे सहाव्यापर्यंत जाईस्तोवर उरतं काय? हेडातली पाण्याची मागची भोकं मोठी करायची, पुढची बुजवून बारीक करायची. शिवाय मागच्या कोपऱ्यात वाफ कोंडते, तिथून एक नळी काढून रेडिएटरच्या वरच्या टाकीत सोडायची. एवढंच तर आहे.

हे मी त्याला सांगितलं होतं, फार वर्षांपूर्वी. ड्रायव्हर लोक बसलेले. हा म्हणाला, "इंजिनात लाडकं-दोडकं नसतं. सगळी भोकं सारखी. तू आपलं सूप ढवळ." केवढे हसले सगळे! पुढे कितीतरी दिवस मला "सूपवाल्या इंजिनियरबाई" म्हणायचे. आणि हा सगळी भोकं सारखीच मोठी करत राहिला, हेडं तडकत राहिली. दोष कुणाचा? ड्रायव्हरचा!

सोमवार, १६ जून

ड्रिल सुरू केलं की "अं! अं!" करतो. डावा हात खुर्चीवर आपटतो. जळतोय. जळ मेल्या!

मागचं पहिलं भोक मी मुद्दाम सावकाश पाडलं.

मंगळवार, १७ जून

वन्सं आल्या होत्या, तेओदोरा. भावासाठी चाइरो सूप घेऊन. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या, "एउलालिया, तो घाबरतो गं त्या आवाजाला. आत तरी बसव."

"जन्म गेला त्याचा या आवाजात. आता कसली भीती?"

"मग थोडं बोल तरी त्याच्याशी."

"गप्प बसायला त्यानेच शिकवलंय मला, वन्सं."

त्या डोळे पुसायला लागल्या. मला हसू आलं. खरंच आलं.

शनिवार, २१ जून

आम्हा आयमारा लोकांचं नवं वर्ष. सगळे टेकडीवर गेले, उगवत्या सूर्याला तळहात दाखवायला. मी पुढची भोकं बुजवली. तांब्याची बुचं, मध्ये बारीक छिद्र. छान बसली.

गुरुवार, २६ जून

काय मिजास! चमचा तोंडासमोर धरला तरी तोंड उघडत नाही. ओठाला टेकवावा लागतो, मग राजेसाहेब उघडणार! आज मी टेकवलाच नाही. चमचा धरून नुसती उभी. तो ताठ बसून. सूप गार झालं. गारच दिलं.

मंगळवार, १ जुलै

थोडक्यात वाचलं! नळीचं भोक पाडताना ड्रिल सरकलं. आणखी जरा आत गेलं असतं तर धुराच्या वाटेला भगदाड, हेड कामातून गेलं असतं, आणि गुमेर्सिंदोचा संसारही.

वर पाहिलं तर हा सरळ माझ्याकडे बघतोय. पापणी हलवत नाही. वाट बघत होता मी चुकायची! असा संताप आला. उठले आणि त्याच्या अंगावरची घोंगडी काढून घेतली. इथल्या जुलैच्या थंडीत. ओठ निळे पडले तेव्हा परत टाकली.

मंगळवार, ८ जुलै

हेड बसवलं. गाडी सुरू. गुमेर्सिंदोचं एकच — "नक्की ना, मावशी? नक्की?" म्हटलं, लामा आहेतच की!

झोप नाही.

सोमवार, १४ जुलै

चढला! भरलेला ट्रक खिंडीपर्यंत न थांबता चढला! अंगणात शिरतानाच हॉर्न. "मावशी, वर थांबून पाहिलं, हेड मागेही पुढच्याएवढंच गरम! थेंब नाही फेकला पाण्याचा!"

मी त्याला म्हटलं, हे मला नको सांगू. खुर्चीसमोर उभा राहा आणि सांग. बिचारा ओशाळला. टोपी काढली. "मिस्त्री... मावशी जिंकल्या बघा."

सातुर्निनोने मान वळवली, पण गुमेर्सिंदोकडे नाही, बाजूला कुठेतरी. जुनी खोड! खालचा ओठ मात्र थरथरत होता. तो मी पाहिला. याच्यासाठी तर सगळं केलं. हरलास! स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ना? हरलास! मनातच म्हटलं. तोंडाने नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

धरणीमायेचा महिना लागला. गुमेर्सिंदोने ट्रकची पूजा केली आमच्याच अंगणात. बॉनेटवर फुलं, रंगीत कागदाचे कपटे, चाकांवर बिअर, फटाके. दारात आणखी ट्रक उभे. सगळ्यांना आता "मावशींचं हेड" पाहिजे!

त्याची खुर्ची मी मुद्दाम मधोमध आणून ठेवली. पायाशी फटाका फुटला तर असा उडाला की सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

मंगळवार, ५ ऑगस्ट

वन्संनी हट्टाने त्याला दवाखान्यात नेलं. नवी डॉक्टरीण आहे. सोबत मी.

तिने त्याच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली. बॅटरी धरली. एकदम त्याच्या तोंडावर मूठ नेली. पापणी हलली नाही. मग मला म्हणाली, "यांना दिसत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही? त्या झटक्यातच गेलीय नजर. दोन्ही डोळ्यांची."

"काहीच दिसत नाही?"

"काहीच नाही. ऐकू मात्र छान येतं, कळतंही सगळं. हात लावायच्या आधी बोलत असाल ना तुम्ही? नाहीतर फार घाबरतात अशी माणसं."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या.

घरी आणलं. सदऱ्याची बटणं काढायला हात लावला. दचकला. "अं?"

म्हणजे "कोण?" म्हणतो तो. फेब्रुवारीपासून तेवढंच विचारतोय.

मी अजून सांगितलेलं नाही.