मन लागायची गोळी

११ जानेवारी १९५८, कारंजा

अकोल्याचा डॉक्टर म्हणतो, "रामरावजी, तुम्हाला काहीही झालेलं नाही."
म्हटले, तीच तर तक्रार आहे — काहीच होत नाही! भूक होत नाही, राग होत नाही. तो हसला. मला तेही झाले नाही.

मग त्याने एका विलायती मासिकातले सांगितले. क्षयावर एक नवी गोळी निघाली आहे. तिकडच्या इस्पितळात ती दिली, तर खोकला राहिला बाजूला, रोगी खाटांवरून उठून नाचू लागले! आता ती उदास माणसांना देऊन पाहतात. मेंदूत उमेदीचे काही रस असतात, ते या गोळीने टिकून राहतात म्हणे. "पण इकडे मिळणं कठीण," असे म्हणून चिठ्ठी लिहून दिली.

मूर्तिजापूरला लहान गाडीची वाट पाहत बसलो. फलाटावर कापसाच्या गाठी, ऊन, सरकीचा वास. पूर्वी अशा वेळी एखादी कविता आपसूक ओठांवर यायची. आज मुद्दाम बोलावली. आली — चारही चरण, यतीसकट. पण परक्या पाहुण्यासारखी दारातच उभी राहिली.

१४ जानेवारी

तिळगूळ. गोड होता, एवढे कळले.

१९ जानेवारी

बदरुद्दीनच्या औषधांच्या दुकानात गेलो. माझाच विद्यार्थी. वर्गात कविता म्हणताना मागच्या बाकावरून सगळ्यांच्या वर आवाज याचा. अर्थ विचारला की खाली मान! काय दिवस होते — चाळीस पोरे एका चालीत डोलायची आणि छपरावरचे कबुतर उडायचे.

त्याने चिठ्ठी उलटसुलट पाहिली.
"गुरुजी, हे तं टीबीचं औषिद हाय. तुमाले कायले?"
"मन लागत नाही म्हणून."
"मन? अवो, माह्यं तं निकाह झाल्यापासून लागत नाई!"
दुकानातली माणसे हसली. मी हसलो नाही हे पाहून तो ओशाळला. नागपूरला विचारतो म्हणाला.

६ फेब्रुवारी

नागपुरात नाही. मुंबईच्या मोठ्या दुकानानेही कानांवर हात ठेवले. मिळेना. घरी येताना मनात घोळू लागले — मिळेना मिळेना मिळेना मिळेना — अरे, हा तर भुजंगप्रयात! लगक्रम बिनचूक. मुलांना शिकवायला किती सोयीची ओळ! असे वाटले, पण आनंद वगैरे नाही. नुसते लक्षात आले.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी बंद पेढीच्या ओट्यावर आम्ही म्हातारे बसतो. सुपारी-तंबाखूची चंची हातोहात फिरते. आज माझ्या अलीकडून ती थेट पलीकडे गेली. माझ्याशेजारी बसणारा शेवाळकर खांबाला टेकायचे निमित्त करून सरकला.
बदरुद्दीनच्या दुकानातले हसणारे बोललेले दिसतात. गुरुजींना क्षय झाला!
वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. खांबावर कुणीतरी खिळ्याने मोर कोरला आहे, तो पाहत बसलो.

११ फेब्रुवारी

विहिरीवर बायकांनी आपापले दोर बाजूला घेतले म्हणे. ललिताबाई घागर उतरवता उतरवता सांगत होती, "बरंच झालं! हीर रिकामी भेटते पानी भराले."
माझ्या बायकोचे हे एक बरे आहे. तिला काही लागत नाही.

१६ फेब्रुवारी

आली! बदरुद्दीनचा साळा जहाजावर आहे, त्याने तिथल्या डॉक्टरकडून मिळवली. तपकिरी बाटली, तोंडाशी कापूस.
"एकच भेटली, गुरुजी. दुसरीचं अल्ला जाने."
पहिली गोळी ललिताबाईने पाण्याच्या पेल्यासह हातात दिली. "घ्या. आन् आता तोंड नीट ठेवा."

२० फेब्रुवारी

काही नाही.

२४ फेब्रुवारी

काही नाही. तोंड कोरडे.

३ मार्च

आज ओट्यावर चंची पुन्हा माझ्यावरून गेली. शेवाळकर! लहानपणी मालेगावच्या शाळेत एका पाटीवर दोघांनी बाराखडी गिरवली — त्याने सरकावे?
वाईट वाटले! मला वाईट वाटले! काठी विसरून घरी धावलो.
"अगं, मला फार वाईट वाटलं!"
"मंग हासून काहून राह्यले?" ललिताबाई म्हणाली.

५ मार्च

होळी. बदरुद्दीनच्या दुकानापुढे तांड्यावरची बंजारा माणसे लेंगी, त्यांची होळीची गाणी, म्हणत फेर धरत होती. शब्द कळत नव्हते. डफावर ठोका पडला की छातीत पडत होता. घरी आलो, डोळे मिटले आणि शाळेतली एक जुनी कविता म्हणू लागलो. दुसऱ्या चरणाला आवाज फुटला. पुढे म्हणताच येईना.
कविता आत आली! येऊन बसली!
ललिताबाई म्हणाली, जेवून घ्या, भात निवते.

१२ मार्च

मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा मोहनसिंग आला. दर साल मला डिंक आणून देणारा. आज डिंक नव्हता. अगदी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला — महिन्यात असे कुणी बसले नव्हते.
"माया बायकोले, भुरीबाईले, खोकल्यात रगत पडते, मास्तर. तुमाले आन् तिले एकच बिमारी. तुमी उठून फिराले लागले. मायावालीले बी उठवा."
"मोठ्या दवाखान्यात ने तिला."
"गेलतो. खाट खाली झाली का बलावतो म्हन्ते. तवरोक काय करू?"
मग त्याला खरे सांगितले. मला क्षय नाही, ही गोळी मी मनासाठी घेतो. त्याने बाटली उचलून उजेडात धरली.
"मनाले?" कुचेष्टा नव्हती आवाजात. नीट समजून घेत होता. "मंग तिच्याबिगर तुमी मरत तं नाई ना?"
उद्या ये म्हटले.

१३ मार्च

महिन्यापूर्वी आला असता तर मी नाही म्हटले असते आणि शांत झोपलो असतो. या गोळीनेच गोत्यात आणले! तीच पोटात आहे म्हणून भुरीबाईचा खोकला इथे ऐकू येतो.
गोळी गेली की कविता पुन्हा दारातच उभी राहणार. ठाऊक आहे.

सकाळी तो आला. बाटली दिली. मानोऱ्याच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय एकही देऊ नकोस, असे बजावून सांगितले. तो पायांवर वाकला, मी मागे सरलो. ललिताबाई आतल्या दारात उभी होती. भाकरी बांधून दिली त्याला.
आपण काही चांगले केले, असे दिवसभर वाटत राहिले. आज छान वाटतेय — वाटू दे, अजून काही दिवस वाटेल.

१५ मार्च

ललिताबाई चुलीपुढे होती. पाठमोरीच म्हणाली, "देयाचीच होती तं मले इचारलं असतं."
मी म्हणालो, "भुरीबाईला जास्त गरज होती."
"ते खरं हाय." तिने लाकूड आत सारले. "मी सोताचं बोलून राह्यली. कितीक सालं झाले, मले बी कायी वाटत नाई. एखांदी उरली का?"