विटेमागची वही

सोमवार, ४ मार्च
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेवर पोचले. स्थानिक इतिहासाचं संशोधन ग्रंथालय: वर नकाशे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, तळमजल्यावर बाइंडरकाकांची खोली. ग्रंथपालबाई कडक, पण आलेल्या प्रत्येक कागदावर लहान मुलीच्या हौसेने शिक्का मारतात. माझं इथे जमेल असं वाटतंय.

दुपारच्या सुट्टीत धाकटी आली. फोनवर ठिकाण बघून लपवलेल्या पेट्या शोधायच्या, या खेळाचं तिला वेड. एक पेटी म्हणे आमच्या मागच्या भिंतीतच आहे. सैल विटेमागे सापडली: पत्र्याची, आत किरकोळ वस्तू आणि एक वही. नाव, काय घेतलं, काय ठेवलं. झाकणावर लिहिलेलं, की घ्याल त्याच्या तोलाचं ठेवा. धाकटीने पितळी बटण घेतलं, केसांतली पिन ठेवली. मी एकाच ओळीत सही ठोकली: आम्ही दोघी बहिणी. कितीतरी दिवसांनी आम्ही एवढ्या हसलो.

मंगळवार, ५ मार्च
वहीने डोक्यात घर केलं. खेळ जेमतेम पंचवीस वर्षांचा आणि वहीतली पहिली सही ऐंशी वर्षांपूर्वीची. असं घबाड विटेमागे कुजू द्यायचं? जाऊन घेऊन आले. बाई खूश. शिक्का मारला, दाखल क्रमांक दिला ४४१७.

बाइंडरकाकांनी मात्र ती शिवायला साफ नकार दिला. बदल्यात काय ठेवलंस, म्हणून विचारलं. काही नाही, म्हटलं. त्यांनी डावा हात पुढे केला. दोन बोटं नाहीत. तरुणपणी त्यांनी वहीतलं एकच पान घेतलं होतं म्हणे. मला वाटलं, नव्या पोरीची फिरकी घेताहेत.

बुधवार, ६ मार्च
बाईंचा उजवा हात गेला. मनगटापासून.

किंकाळी ऐकून मीच धावले. मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, रक्त पार छतापर्यंत उडालेलं, आणि त्या शांतपणे विचारत होत्या की शिक्का कुठे पडला. जवळ पातं नाही, माणूस नाही. हात सापडला नाही. शिक्काही नाही.

गुरुवार
वही परत ठेवायला वीट काढली. पेटीत बाईंचा हात. मुठीत शिक्का. वही आत कोंबली आणि पळाले.

तासाभरात ती माझ्या टेबलावर. शिक्क्याची शाई ओली. काका म्हणाले, शिक्का बसला म्हणजे ती ग्रंथालयाची झाली, भिंत परत घेत नाही. तिच्या तोलाचं दुसरं काहीतरी दे. नाहीतर भिंत सहीवरून माणसं शोधते.

सही. दोघींची — एका ओळीत — माझ्या अक्षरात.

शुक्रवार
धाकटी दवाखान्यात. अंघोळीला गेली होती. तिथल्या भिंतीने केस ओढले — कातडीसकट — कवटीचं हाड दिसतंय. आईला सांगितलं, घसरून पडली.

पेटीत तिची पिन. पिनेत केसांचा पुंजका, रक्ताने थबथबलेला. हे बटणाचं नाही. बटणाच्या बदल्यात तिने दिलं होतं. हे माझ्यामुळे. तिला काही झालं तर मी —

शनिवार, दुपार
वहीच्या बदल्यात वही. माझ्याकडे ही एकच आहे, रोजनिशीची.

काका जाऊ नकोस म्हणाले. त्या वहीत ऐंशी वर्षांची माणसं आहेत, तुझ्या वहीत चार पानं. तोल भरायचा नाही.

वीट काढली. ही आत सरकवली — हात अडकला — कुणीतरी धरलंय — वही बाहेर ढकलली, लिही म्हणून — डाव्या हाताने लिहितेय —

आईचा निरोप आलाय फोनवर. धाकटीने डोळे उघडले, पाणी मागितलं. बरं झालं. बरं झालं.

हाड मोडलं —

नाव: फक्त मी. धाकटी नाही.
घेतलं: वही.
ठेवलं: ही वही. मनगट. कोपर. खां