दारातले बूट

३ डिसेंबर १९४४, इटली

आज देवळात गेलो! म्हणजे चर्चमध्ये; इंग्रज साहेबांच्या नव्हे, इथल्या गावकऱ्यांच्या. शांतवन मागेच लागला — "चल रं, रविवार तरी घडंल." जखमींची गाडी आम्ही दोघं आळीपाळीने चालवतो. गाव दोघांचं मिरजगावच. पण तिथे त्याचं देऊळ ओढ्यापलीकडे, ख्रिस्ती वस्तीत. मी कधी पायरी चढलो नाही. इथे काय, कोण बघतंय!

देऊळ आमच्या शाळेएवढं. निम्मं छप्पर तोफांनी उडालेलं, वर ताडपत्री. दारात दोघांनी बूट काढले. मिरजगावात काढतात म्हणजे सगळीकडे काढत असणार, असं शांतवनचं म्हणणं. आत जातो तर अख्खं गाव बुटांत! आम्ही दोघेच मोज्यांवर, त्यातून माझा अंगठा बाहेर. फरशी इतकी गार की दातखीळ बसायची वेळ आली.

कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, ते मी शांतवनकडे बघून करत होतो. तो पुढच्या बाकावरच्या म्हातारीकडे बघून. कानात म्हणतो, "आमच्यात असं नसतं. हे क्याथलिक हाईत." घ्या! आणि मी याच्या भरवशावर आलेलो.

म्हातारी मध्येच वळली. आमचे पाय पाहिले. खांद्यावरची शाल काढली, दुमडली आणि आमच्या पायांखाली सरकवली. चांगली लोकरीची शाल! मी पाय मागे घेतले, तर तिने हाताने धरून परत वर ठेवले. माझे आणि शांतवनचे, एकाच शालीवर.

बडेजाव कसला नाही. दोन मेणबत्त्या, पाद्रीबुवांच्या झग्याला ठिगळ. सूर बेताचाच, पण बायाबापड्या सगळ्या मन लावून गात होत्या. खोटं कशाला लिहू, डोळे भरून आले.

१० डिसेंबर

परत गेलो. या खेपेला शहाण्यासारखे बूट पायातच ठेवले. आत बघतो तर म्हातारीने आमच्या जागेपाशी घोंगडीचा तुकडा अंथरून ठेवलेला! आता काय करणार — दारात जाऊन बूट काढून आलो. शांतवनला हसू आवरेना.

११ डिसेंबर

दुभाष्याकडून कळलं, म्हातारीचा मुलगा लढाईत रशियाला गेला तो आलाच नाही. म्हणजे आमच्या शत्रूच्या बाजूचा शिपाई. आणि ही आमचे पाय गारठू नयेत म्हणून जपते! कसलं काळीज असेल बाईचं.

शांतवनला म्हणालो, गावी गेल्यावर तुझ्या देवळात येईन, तुझ्याशेजारी बसेन. त्यावर म्हणतो, "हितं सोपं हाय, बन्श्या. तिथं दारातलं बूट रस्त्यावरनं दिसत्यात."

१९ जानेवारी १९४६, मिरजगाव

घरी! आईला नगरहून वहाणा आणल्या. तिने उलटून-पालटून पाहिल्या आणि फडताळात ठेवून दिल्या. "सनासुदीला घालीन."

शांतवन घरापर्यंत आला होता. आईने त्याला अंगणातच पाणी दिलं, तांब्यातून वरून ओतून. तो ओंजळीने प्यायला. जाताना म्हणाला, "येतो, बन्सीराव." बन्सीराव! दीड वर्ष माझ्या ताटात जेवलेला माणूस.

२० जानेवारी

रविवार. ओढ्यापलीकडची घंटा ऐकली. गोठा झाडला. सकाळीच झाडलेला होता.

२७ जानेवारी

आजही नाही गेलो. काकासाहेब चुलत्यांना कुठून सुगावा लागला कोण जाणे. "तिकडं जाऊन बसलास तर तुला पोरगी कोन देईल? आन् तुझ्या आईला हळदीकुंकवाला कोन बोलवंल?" आईसमोर म्हणाले.

२ फेब्रुवारी

जेवताना आईला म्हातारीची गोष्ट सांगितली. शाल, घोंगडी, सगळं.

"कोन जातीची हुती?"

"म्या न्हाई इचारलं. तिनंबी न्हाई."

आई भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "तिचा पोरगा आला का रं माघारी?"

"न्हाई."

भाकरी तव्यावर करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं. मी म्हणालो, उद्या शांतवनच्या देवळात जाणार आहे. तिने करपलेली भाकरी आपल्या ताटात घेतली. बोलली असती तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी, रविवार

गेलो! बूट दारात काढले, रस्त्याच्या अंगाला. शांतवन सतरंजीवर सरकला, म्हणाला, "ये, बन्श्या." पुढे बसलो, मागे वळून पाहिलं नाही. इथेही सूर बेताचाच, इथेही सगळे मन लावून गातात.

उपासना संपल्यावर गर्दीतून बाहेर आलो. माझ्या बुटांशेजारी नगरच्या वहाणा. कोऱ्या! वळून पाहिलं. आई आतच होती, दाराजवळ, शांतवनच्या आईला खेटून. हातात त्यांच्या घरचा पेला होता, निम्मा प्यायलेला.