बॉल गौरीकडेच ठेव

प्रिय सुनी,

काल आपण हरलो. तू असतीस तर किती फरकाने हरलो हे विचारलंच नसतंस. "किती सांडले?" एवढंच विचारलं असतंस. टर्नओव्हर हा शब्द तुला कधी आवडला नाही. हातातला बॉल समोरच्या टीमला फुकट देऊन टाकणं, याला तू 'सांडणं' म्हणायचीस आणि गॅसवर दूध उतू गेल्यासारखा चेहरा करायचीस. तर ऐक, काल भरपूर सांडले. पण मी लिहितेय ते त्यासाठी नाही. मी तुला दिलेला शब्द मोडलाय. तिकडेही कुणीतरी येऊन चुगली करेलच, त्याआधी मीच सांगून टाकते.

कॉलेजच्या जिमखान्याच्या खोलीत बसलेय. दुपार आहे. पोरी लेक्चरला गेल्यात, जाळीच्या पिशवीत बास्केटबॉल पडलेत आणि माझं उठून घरी जायचंसुद्धा मन होत नाहीये. खूप थकलेय गं. तू गेल्यापासून या टीमला मी एकटी ओढतेय आणि कुणी विचारलं तर "मस्त चाललंय" म्हणते. तुला तरी खोटं कशाला सांगू?

हॉस्पिटलमधला तो दिवस आठवतोय ना? मी तुझ्यासाठी मोसंबीचा रस आणला होता, तू तो घेतला नव्हतास. बायका अशा वेळी नवऱ्याचं सांगतात, मुलीच्या लग्नाचं सांगतात, कपाटाच्या किल्ल्यांचं सांगतात. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "मीना, बॉल गौरीकडेच ठेव." मला हसू आलं आणि रडूही आलं. मी हो म्हटलं. त्या वेळी कोण नाही म्हणेल?

तुझ्या हातात बॉल शोभायचा, हे कबूल. आपण कॉलेजात होतो तेव्हाचं ते सिमेंटचं कोर्ट अजून तसंच आहे. मधल्या रेषेजवळची लादी खचलेली, तिथे बॉल टाकला की नीट वर येतच नाही. आम्ही सगळ्या ती जागा टाळायचो. तू मात्र समोरच्या मुलीला बरोबर तिथे रेटत न्यायचीस, तिला वाटायचं बॉल आता मिळालाच, आणि तू दुसऱ्या हाताने तो काढून निघून जायचीस. मी शेजारून बोंबलत धावायचे, अगं मी मोकळी आहे, दे की! दिलास का कधी? आगाशीच्या तुमच्या वाडीत, विहिरीजवळच्या कट्ट्यावर बॉल आपटून आपटून तू शिकलीस आणि तुझी आई धपधप ऐकून वैतागायची. माझे तेव्हाचे कितीतरी पास तुझ्याकडे बाकी आहेत, सुनी.

मग गौरी झाली आणि तुझं ठरूनच गेलं. गोखिवऱ्याच्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये, ती अजून धड सायकल चालवत नव्हती तेव्हापासून तू तिला डाव्या हाताने बॉल मारायला लावायचीस. बॉलकडे बघू नये म्हणून तिच्या हनुवटीखाली वर्तमानपत्राची घडी धरायचीस. तळमजल्यावरच्या काकूंची भांडणं तू कशी अंगावर घेतलीस! पोरगी शिकली, छान शिकली. पण ती उंच झाली, तिचा ओढा बास्केटखाली जाण्याकडे होता. तुला ते दिसत नव्हतं का? मला दिसत होतं, पण तुझ्यापुढे बोलायची माझी छाती कुठे होती?

तू गेलीस तेव्हा तुझ्या घरी चूल पेटली नाही. शेजारपाजारच्यांनी डबे आणले, पिठलं आणलं, मुगाची खिचडी आणली. रमेशभावोजींना नको म्हणता येईना, आणि अन्न उरायला लागलं. तेरावं झाल्यावर गौरी प्रॅक्टिसला आली. आपल्या पोरींना काय बोलावं कळेना. त्या वयात कुणाला कळतं? "वाईट झालं" एवढंही त्यांच्या तोंडून निघेना. मग त्यांनी काय केलं माहितेय? त्यांनी तिला बॉल दिला.

बास्केटवर आपटून परत आलेला रिबाउंड कुणीही घेवो, बॉल गौरीकडे. बाहेरून आत टाकायचा, गौरीकडे. पुढे एखादी मुलगी मोकळी उभी असली तरी थांबायचं, वळायचं आणि मागे गौरीला शोधायचं. डब्यांसारखंच झालं ते. पहिल्या दिवशी माझे डोळे भरून आले, म्हटलं बघ, किती गुणी पोरी आहेत. तुला दिलेला शब्दही आपोआप पाळला जात होता, मला काही करावंच लागत नव्हतं.

बाकीच्या कॉलेजांना हे कळायला कितीसा वेळ लागणार? बॉल कुठे जाणार ते पोराटोरांनाही दिसत होतं. गौरीच्या हातात बॉल आला की दोघीजणी धावून यायच्या, तिला साइडलाइनला कोंडायच्या. आठ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडायचं असतं, आणि आपल्या उरलेल्या चौघी लांब उभ्या राहून तिच्याकडे बघत बसायच्या. कधी ती बॉल न आपटताच जास्त पावलं टाकायची, कधी पास सरळ दुसऱ्या टीमच्या हातात, एकदा तर स्वतःच्याच पायावर आपटून बॉल बाहेर घालवला. आणि कुणीही रागवायचं नाही गं! "जाऊ दे गं," म्हणून पाठीवर हात, आणि पुढचा बॉल पुन्हा तिलाच. मीही तेच. "गौरी, तू आण." तू असतीस तर असा आवाज चढवला असतास की पलीकडच्या रिक्षावाल्यांनी वळून बघितलं असतं. मला तसं ओरडता येत नाही, हे तुला ठाऊक होतं. तरी टीम माझ्यावरच सोडून गेलीस.

गेल्या आठवड्यात रोझी बोलली. तुला ती माहीत नाही, यंदाच फर्स्ट इयरला आलीय. पाचूबंदरची आहे, वडिलांची बोट आहे, आई बाजारात मासळी विकते. अंगाने एवढीशी, पण भीती म्हणून कशाची नाही. प्रॅक्टिसमध्ये मध्येच थांबून म्हणाली, "मॅडम, मी आनू का बॉल? गौरीताईला दोघी दोघी धरतात."

सगळ्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. कुणाच्या घरी जाऊन नको ते बोलावं तसं त्यांना वाटलं असणार. मी रोझीला झापलं. आपल्या जागेवर उभी राहा म्हटलं, आल्या आल्या शहाणपण नको म्हटलं. ती बिचारी गेली जागेवर. गौरी बुटाची नाडी बांधत बसली होती. तिने सगळं ऐकलं.

प्रॅक्टिस संपली, सगळ्या गेल्या, गौरी गेली नाही. कोर्टवर ती मला मॅडमच म्हणते, तूच ती शिस्त लावलीस. त्या दिवशी ती मावशी म्हणाली.

"मावशी, रोझीला का ओरडलीस? तिला देऊ दे ना."

मी म्हटलं, अगं, तुझ्या आईची इच्छा होती.

"आईला हवा होता गं बॉल. मी कधी मागितलाच नव्हता."

ती रडत नव्हती, तेच मला जास्त लागलं. शांतपणे सांगत होती, एखाद्या दमलेल्या बाईसारखी. भावोजींची सातिवलीच्या कारखान्यात शिफ्ट असते, म्हणजे सकाळचा डबा हिच्याकडे. किल्ल्या हिच्याकडे, गॅसचा नंबर लावायचा हिच्याकडे, पाहुणे आले की चहा हिच्याकडे. आणि जो येतो तो म्हणतो, आता तूच सांभाळ हो सगळं, अगदी आईसारखी आहेस.

"घरी सगळं माझ्याच हातात येतं," ती म्हणाली. "इथे तरी मला रिकाम्या हातांनी धावू दे ना, मावशी."

सुनी, मी घरी जाऊन जेवले नाही. तुझा राग आला मला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण मला आला. एका पोरीच्या हातात तू काय काय देऊन गेलीस! आणि आम्ही सगळ्यांनी दया म्हणून त्यात रोज भर घातली. त्या दिवशी तिचं ऐकून मी तुझा शब्द मोडायचं ठरवलं.

काल विरारला मॅच होती. मी पोरींना सांगितलं, बॉल रोझी आणेल, आणि जी मोकळी असेल तिला पास द्यायचा. गौरी बास्केटखाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण सवय इतक्या लवकर सुटते का? मॅच सुरू झाली आणि पुन्हा सगळ्यांचे हात गौरीकडे वळायला लागले. मग तिने काय केलं असेल? धावता धावता दोन्ही हात पाठीमागे घेतले. एक बॉल तिच्या खांद्यावर आपटून बाहेर गेला. तोही सांडलाच, घे मोजून. पण त्यानंतर पोरींना समजलं.

रोझीनेही कमी घालवले नाहीत. तिचा डावा हात अगदीच कच्चा आहे, तुझी पार्किंगची शाळा तिला लावायला हवी. पण ती कोंडली गेली की आता आपल्याच दोघी मदतीला धावत तिच्याजवळ यायच्या, बॉल सुटायचा, पुढे जायचा. शेवटाकडे एक सुरेख पास गौरीला बास्केटखाली मिळाला, समोर कुणीसुद्धा नाही, आणि तिने तो शॉट घालवला! रोझी तिच्यावर सरळ ओरडली, "दिसत नाही काय? एवढा मोकला होता!"

बाकीच्या पोरी जागच्या जागी थबकल्या. मीही बाकावरून उठले. तू गेल्यापासून गौरीशी या आवाजात कुणी बोललं नव्हतं. आणि गौरी हसली गं. कमरेवर हात ठेवून, घामाने निथळत, मनापासून हसली, आणि उलट रोझीलाच म्हणाली की पास जरा वर टाकायला काय झालं होतं. मग दोघी भांडत भांडत मागे धावल्या. आम्ही हरलो. मी बाकावर बसून रडले, आणि विरारच्या मॅडमना वाटलं मी हरल्यामुळे रडतेय.

तर असा तुझा शब्द मोडला. रागव हवं तर. त्याच्या बदल्यात दुसरा देते. रोझीला मी डाव्या हाताने बॉल मारायला शिकवीन, आणि कच्ची राहिली तर ओरडायलाही शिकेन. गौरीला बास्केटखाली खेळायचंय तोवर ती खेळेल, आणि उद्या खेळ सोडावासा वाटला तर मी तिची मनधरणी करणार नाही. तिच्यातून दुसरी सुनी घडवायला मी जाणार नाही. खरं सांगू? ती दुसरी सुनी तुला जेवढी हवी होती ना, त्याहून जास्त मलाच हवी होती.

तुझीच,
मीना