श्री नावाचं फोल्डर

आप्पा, परवा तुमचा आवाज दुकानात ऐकू आला. भरदिवसा, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तेव्हा भुताखेताचं काही सांगत नाहीये. असल्या गोष्टींचा तुम्हाला राग यायचा न् मलाही येतो. झालं ते कम्प्युटरमुळं झालं. खरं सांगायचं तर आईमुळं झालं.

मंठ्यातलं दुकान अजून आपलंच आहे. पुढं दुकान, मागं घर, मधे पडदा. शूटिंगला मी फारशी जात नाही, एडिटिंगच करते. दसऱ्याच्या आधी नवा कम्प्युटर घेतला न् जुन्यातलं सगळं त्यात भरून घेतलं. तुम्ही शूट केलेली न् मी जोडलेली जुनी लग्नं, शिवाय आपण जमवलेल्या इफेक्टचं फोल्डर. वरून फुलं पडणारं, कमळ उमलून आत नवरा-नवरी दिसणारं, सगळं त्यातच. खंडेनवमीला आईनं कॅमेऱ्यासोबत कम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं, कीबोर्डात अक्षता सांडल्या, मी ओरडले. ते तिनं ऐकलंच नाही. चष्मा सावरून म्हणते कशी, "याच्यात श्री कुठंय? तुझे आप्पा कोरी कॅसेट फोडली की आधी तिच्यावर श्री लिवायचे, मंग बाकीचं." मी म्हणाले, आई, कम्प्युटरवर असं लिहीत न्हाईत. "का? त्याला काय धाड भरली?" सणासुदीला वाद नको म्हणून स्क्रीनवर समोर दिसलं त्या फोल्डरचं इंग्रजी नाव पुसलं न् 'श्री' लिहिलं. आईनं हात जोडले. मी विसरूनही गेले.

दसरा झाला न् आष्टीची एक बाई आली. तिचं लग्न तुम्हीच शूट केलं होतं. तिची डीव्हीडी आता अडकत अडकत चालते, न् त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या लग्नाच्या वाढदिवसाचा कार्यक्रम. लेकरांनी हॉल घेतलेला, मोठा पडदा सांगितलेला. पाठवणीच्या वेळी तिचे वडील दिसतात, बाकी त्यांचं चालतंबोलतं असं काही तिच्याकडं नाही. "दुपारपर्यंत देता ना ताई? बराबर चाललं पाहिजे, पाहुण्यात फजिती नको." मी म्हणाले, बिलकुल. जुना प्रोजेक्ट उघडला, आणि कसलं काय! 'इफेक्ट सापडत नाही', 'इफेक्ट सापडत नाही', पाटीवर पाटी. फुलं गायब. कमळाच्या जागी काळा चौकोन.

मग मी सगळे उपाय करून पाहिले. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. अपडेट केलं. संभाजीनगरच्या एका ओळखीच्या एडिटरला फोन लावला. तो म्हणाला व्हर्जन जुळत नसेल, ग्राफिक कार्डाचं बघा. तेही बघितलं. डोक्याचा पार भुगा झाला. बाई बिचारी घड्याळाकडं बघून पदराचं टोक पिळत होती. म्हटलं, निदान मूळ चित्र तरी धड आहे का बघू. आणि आहे तसंच चालवलं.

"हां मामा, जरा सरका. नवरीबाई, मान वर. हसा की, फाशी देऊन राह्यलेत का तुम्हाला?"

आप्पा, तुम्ही! आवाज दाबायचा इफेक्ट न् सनईची फाइलही त्याच फोल्डरात, दोन्ही सापडत नव्हतं. तुम्हीच मला सांगितलं होतं, "माझा आवाज काढून टाक. लोकांच्या लग्नात माझं काय काम?" प्रत्येक लग्नातून मी तो काढत आले, वर सनई टाकत आले. तुम्ही कायम कॅमेऱ्याच्या मागं, म्हणजे चित्रात नाहीतच, न् आवाजही नाही. बाई मात्र खळखळून हसली. "अगं बाई! मला असंच दटावलं होतं यांनी!" तेवढ्यात तुम्ही हळू आवाजात बोललात, नवरीशी नाही. "लाइट ठेव खाली. जेवून घे आधी. नवरी काय पळून न्हाई चालली." लाइट माझ्या हातात होता. तुमचं हे बोलणं मी तेव्हा ऐकलंही असेल, आठवत नाही. आता ऐकलं न् रडूच आलं, गिऱ्हाइकापुढं.

मागचा पडदा सरकला. आई. हाताला कणीक तशीच, न् मनगटानंच डोक्यावरून पदर ओढून घेतलेला, तुम्ही पाहुणे घेऊन यायचा तेव्हा घ्यायची तसा. दारात उभी राहून तिनं आधी बाहेर रस्त्याकडं पाहिलं. मग स्क्रीनकडं.

"मशीनीत हायेत व्हय," म्हणाली. पदर काही खाली घेतला नाही. कणकेचं बोट स्क्रीनकडं करून म्हणाली, "तू श्री लिवल्तं ना, म्हणून आले ते."

मी चिडून काहीतरी बोलणार होते, आणि एकदम डोक्यात उजेड पडला. श्री! काखेत कळसा न् गावाला वळसा. प्रोजेक्टला इफेक्टच्या फोल्डरचं जुनं नाव पाठ. तो बिचारा त्या नावानं हाका मारत होता न् तिथं कुणीच नव्हतं. आई चुकीचं बोलली नव्हती, आप्पा. श्री लिहिलं म्हणूनच तुम्ही आलात.

जुनं नाव परत टाकायला किती वेळ लागतो? काहीच नाही. पण माझा हात माऊसवर तसाच राहिला, कारण फुलं आली की तुम्ही जाणार. समोर बाई बसलेली, तिला तिचे वडील न्यायचे होते. टाकलं नाव. फुलं पडली, कमळ उमललं, सनई वाजली, न् पाठवणीत तिचे वडील तोंडाला उपरणं लावून उभे राहिलेले नीट दिसले. तुमचा आवाज गेला. आई आत पोळ्या लाटायला गेली. संध्याकाळी बाईचा फोन आला, हॉलात सगळे रडले म्हणाली, बराबर चाललं.

हे तुम्हाला पाठवायची सोय नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही रागवाल. तुमचा शब्द मोडलाय मी. त्या लग्नाची एक कॉपी वेगळी ठेवलीय, तिच्यातल्या फोल्डरचं नाव श्रीच आहे. दुपारचा चहा झाला की आई म्हणते, "ते बिघडलेलं लाव गं." मी लावते. तुम्ही जेवून घे म्हणता, न् ती पदर सावरते. मला ते दुरुस्त करता येतं, आप्पा. करत नाही.